तीन ते साडेचार

वकीलबाई ओयार्सून
कधीच विचारत नाहीत, "केबल तुम्ही चोरली का?"
विचारतात, तीन ते साडेचार कुठं होतात.

अंतोफगास्ताच्या गोदीतच, बाई.
गंजक्या कंटेनरमागे कुत्री वीत होती,
पाचवं पिल्लू आडवं आलेलं,
माझा हात मनगटापर्यंत ओला.

त्या लिहीत नाहीत. पेनाला टोपण लावतात.
"हे कोर्टात नको. हसतील."
मग फाइल मिटता मिटता:
"जगलं?"
तेवढ्यात शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.

सोमवारी त्यांनी आणलेला कोट
खांद्यात सैल. कुणाचा, ते मी विचारलं नाही.
सरकारी वकील तांब्याचं वजन वाचतोय,
किलोमागून किलो.
मी विचारलं तेवढंच बोलतो,
शिकवल्यासारखं.

नाही जगलं, बाई.