दुसरी दोरी

बर्फाचा कारखाना बंद झाला त्या मार्चात
ऑफिसातलं सामान विकायला काढलं.
दोन टेबलं, एक वजनकाटा,
आणि हा कॉम्प्युटर, ज्यावर फिलोमिना
लाद्यांचा हिशेब ठेवायची.
अकराशे रुपये. माझ्या शेवटच्या पगारातून वळते.

एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात जागलेला माणूस मी.
घरी झोप लागेना.
एका कानाशी समुद्र, दुसऱ्या कानाशी खाडी,
देवबागात जमीन तेवढीच.
पण ती दोघं वरखाली होतात.
यंत्र एका सुरात राहतं.

भाचा प्रणित मस्कतला जायच्या आदल्या दिवशी
हे बसवून गेला.
म्हणाला, मामा, नुसतं चालू ठेवायचं.
कुठल्याशा आजारात प्रोटीनची घडी चुकते,
ती कुठे चुकते त्याचं गणित,
एका यंत्राला शंभर जन्म पुरायचे नाहीत.
म्हणून तुकडे करतात. एकेक तुकडा एकेका घरी.
तुम्ही झोपा, हा सोडवेल.

मी कसला झोपतो.

झाकण काढूनच ठेवलंय,
तरी खारं वारं एकही स्क्रू सोडत नाही.
पंधरा दिवसांनी दाढीच्या जुन्या ब्रशाने
पंख्यावरची वाळू झाडतो.
एकदा आत पाल निघाली, उबेला आलेली.
राहू दिली.
पारा सत्तरच्या वर गेला की
टेबलफॅन माझ्यावरून त्याच्यावर.
लतिका म्हणते, माझ्या बाळंतपणात
एवढं केलं असतंत तर.

विजेचं बिल आलं की मात्र ती बोलत नाही.
देव्हाऱ्यात नेऊन ठेवते,
हळदीच्या करंड्याखाली,
जिथे माझा हात रोज जातो.

जाळं सांधत बसलेला गजा कुबल विचारतो,
“रातभर मशीन चालू ठेवतंस, गावता काय तुका?”
आकडे गावतात, म्हटलं. गुण.
“बाजारात घेतत ते?”
नाही.
त्याची सुई थांबली नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
“रापणीक हात लावलो तेका वाटो, पावण्याकय.
पण रापणीक दोन दोरये.
तुझ्या दुसऱ्या दोरयेक कोण हा?”

बरोबर जागी बोट ठेवलं त्याने.
कारण एक तुकडा दोघांना देतात,
दोन उत्तरं जुळली तरच खरं धरतात.
दुसरा कोण, ते सांगत नाहीत. नुसता नंबर.
रोज नवा.
पण गेल्या पावसाळ्यात कसं कोण जाणे,
सात वेळा तोच आला, ४४०९.
मला उशीर झाला की तो आधीच पोचलेला.
एकदा त्यालाच चार दिवस लागले.
मी धरून चाललो, तिकडेही खांब पडला असेल,
लायनमन फोन उचलत नसेल,
त्याच्याही घरात कोणी बिल कशाखाली तरी ठेवत असेल.

मग आमच्याकडे वादळ.
नऊ दिवस काळोख. मेणबत्त्या, शेजाऱ्यांचा रेडिओ,
खाडीचं पाणी पायरीपर्यंत.
लोकांची छपरं गेली, माझी तीन कौलं.
एका तुकड्याची मुदत गेली
हे कुणाला सांगायचं?

दहाव्या रात्री तीन वाजता बल्ब डोळ्यांवर आला.
उठलो. बटण दाबलं.
पंखा आधी खोकला, मग फिरला.
एकसष्ट टक्क्यांवर थांबलेला तुकडा
एकसष्टवरूनच पुढे निघाला.
नेट अजून नव्हतं. ४४०९चं काय झालं
कळायला मार्ग नव्हता.
मुदत संपून तीन दिवस झालेले,
एव्हाना तो तुकडा तिसऱ्या कुणाला दिला असेल,
माझ्या उत्तराला कोणी विचारणार नाही.
बंद करायला हात गेलाही होता.
पण एवढी वर्षं बर्फात काढली.
अर्धी गोठलेली लादी
आम्ही कधी डब्यातून काढली नाही.

अंधारात लतिका कुशीवर वळली.
मला वाटलं, आता बिलाचं काढेल.
“आला एकदाचा आवाज,” म्हणाली,
“नऊ रात्री डोळा नाही लागला.”