वखारभागातला काटा

पावतीपुस्तकावर छापलंय : मगदूम हेल्थ क्लब,
वखारभाग, सांगली. स्थापना एकोणीसशे एकसष्ट.
खरं म्हणजे स्थापना वगैरे काही झाली नव्हती.
दुपारच्या सुट्टीत हमाल पैज लावायचे,
मणाचं वजन एका हातानं कोण किती वेळा उचलतो,
आणि आज्जा, आदगोंडा मगदूम, हळदीच्या वखारीतला मापाडी,
कानामागची पेन्सिल काढून मोजायचा :
एक, दोन, अडीच.
हात कापला की अडीचच. तीन नाही.

मग व्यापार यार्डात गेला.
शेटकडं आज्जाचा पगार थकलेला,
त्याबदली किल्ली मिळाली, लोखंडी वजनं मिळाली,
आणि जमिनीत रोवलेला काटा,
जो उपटायचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त होता.
भाड्याचं नंतर बघू, शेट म्हणाला.
ते नंतर सव्वीस वर्षांनी आलं, वकिलाच्या नोटिशीतून.

तोवर फरशीत मुरलेली हळद
दंड मारणाऱ्यांच्या घामानं वर येत राहिली.
तळवे पिवळे, बनियन पिवळे.
घराघरांतून विचारणा : तालमीला जाता
का रोज कुणाच्या लग्नाला?

नोटीस आली तेव्हा त्रिशलाआत्यानं पाटल्या मोडल्या.
वखार घेतली, शेजारचं बंद पडलेलं
स्टोव्ह-कंदिलांचं दुकानही घेतलं.
अट एकच : चार ते पाच बायकांची वेळ.
पहिल्या महिन्यात तिघी आल्या.
एक सिव्हिलमधली नर्स, एक शिवणवाली,
एक नुसतीच बसायला यायची, पंख्याखाली, चप्पल काढून.
तिची फी आत्यानं कधी घेतली नाही,
हजेरी मात्र रोज लावली.

मधली भिंत फोडली तेव्हा कळलं,
दोन्ही इमारतींच्या जमिनी सहा इंचांनी वेगळ्या.
नवा मेंबर पहिल्या दिवशी त्या पायरीला अडखळतो.
आम्ही सांगत नाही.

दोन हजार पाचला पाणी खिडकीपर्यंत.
एकोणीसला आयर्विनजवळ सत्तावन्न फूट,
आणि आमच्याकडं छताखालच्या पाटीपर्यंत.
ओसरल्यावर बघितलं : ट्रेडमिल उताणी,
आरशांना पोपडे, रजिस्टरांचा लगदा.
वजनं तेवढी जिथल्या तिथं.
अण्णा चिखलात उभे राहून हसले,
मग बराच वेळ हसले नाहीत.

काटा उघडायला मिरजेहून इसाक मिस्त्री आला.
दोन दिवस नुसता गाळ काढला.
तिसऱ्या दिवशी दांडीवरच्या सरकत्या वजनाच्या पोटातून
लाख खरवडून
सुपारीएवढं शिसं माझ्या हातावर ठेवलं.
"ह्ये कंपनीचं न्हवं.
शंभराला दोन किलो खातंय."

समडोळी, तुंग, कवठेपिरान.
पोत्यामागं पोतं, अठरा वर्षं,
आणि कानामागं पेन्सिल.

आज्जा त्या काट्यावर कधी चढला नाही.
आम्हाला वाटायचं, वजनाला लाजतो.
समडोळी-तुंगच्या पोरांना त्यानं फी लावली नाही.
आम्हाला वाटायचं, आज्जीच्या माहेरची असतील.
आज्जीचं माहेर तर निपाणीकडं.

अण्णा काही बोलले नाहीत.
मिस्त्रीला चहा दिला,
आणि मजुरी ठरली त्याहून जास्त.

विश्रामबागेत आता एसीवाली जिम झालीय,
तिथं काट्यावर उभं राहिलं की बाई बोलते.
आमच्याकडं अजून दांडी सरकवावी लागते, श्वास धरून.
परवा विभूतेकाकू चढल्या, उतरल्या, परत चढल्या.
"दीड किलो? कसं शक्य आहे?
पुरात बिघडला गं तुमचा काटा."

टेबलाच्या खणात, हरवलेल्या लॉकरांच्या किल्ल्यांमध्ये,
ते शिसं आहे. खण ओढला की गडगडत पुढं येतं.

हो काकू, म्हटलं, पुरातच.