सोळा ग्रॅम

दुकानदाराने तिन्ही काउंटरवर मांडली.
मोठा, लोखंडी, वेल्डिंगवाल्याकडे असतो तसला,
आत दोन किलो गॅस, वजन भरल्या कळशीएवढं.
मधला, सोड्याच्या यंत्रातला,
फिकट निळा, नाजूक गळ्याचा.
आणि बरणीत बोटाएवढी नळकांडी,
प्रत्येकात सोळा ग्रॅम.

"माणसं किती?"
अकरा. पिणारी नऊ.
"जायचंय कुठे?"
डिचोलीहून नार्वे, स्कूटरवर.
मग फेरीबोट. मग दिवाडी.
"मोठा घ्या. वर्षभर बघायला नको."

मला वर्ष नको होतं, एक संध्याकाळ हवी होती.
पास्कू एकतीस वर्षं फेरीच्या इंजिनाशेजारी बसला,
नदीकडे पाठ करून.
शुक्रवारी त्याची शेवटची पाळी.
म्हणाला होता, "केक नको, हार नको,
तू घरात काय उकळतोस ते आण."

मी उकळतो ते असं:
बार्लीबरोबर मूठ-दोन मुठी कोरगुट,
खाजनातला तो लाल, खारट पाण्याला न भिणारा तांदूळ.
साखर घालून केगमध्येच फुगवलेली.
म्हणजे गॅस फक्त ढकलायला,
मागून हात लावायला.
नऊ लिटरला पुरेल एवढा हात.

मोठा सिलिंडर आडवा करता येत नाही,
स्कूटरच्या फळीवर पायांत उभा धरायचा,
खड्डा आला की दोघांनी मिळून उडायचं.
मधला परवडला असता,
पण तो भरून द्यायला पणजीत एकच माणूस,
आणि तो फोन उचलत नाही.
बोटाएवढी सगळ्यात महाग पडतात.
हे मला ठाऊक होतं.
मी पाच घेतली.

धक्क्यावर, माडाखाली, बर्फाच्या टोपात केग.
पहिलं नळकांडं पिरगाळलं, फिस्स झालं, काटा चढला,
आणि बघता बघता शून्यावर आला.
नळकांड्यावर पांढरं धरलं, बोट चिकटलं.
दुसरं. तेही तसंच गेलं.
कोणीतरी म्हणालं, फेणी आहे घरात.
ते कोणी म्हणालं, हे मी विसरणार नाही.

पास्कूला डाव्या कानाने ऐकू येत नाही,
उजव्याने येतं ते इंजिनाएवढं मोठं असलं तरच.
त्याने कान लावलाच नाही.
बोटाला थुंकी लावली,
रेग्युलेटरच्या मानेभोवती फिरवली,
एका जागी थांबला.
तिथे थुंकीचा बुडबुडा फुगत होता, अगदी सावकाश,
झोपलेल्या मुलाच्या नाकाशी फुगावा तसा.

"वॉशर," तो म्हणाला.
पँटच्या खिशातून तंबाखूची डबी काढली.
तंबाखू नव्हती.
निवृत्तीच्या दिवशीही वॉशर.
पहिला मोठा, दुसरा तुटका,
तिसऱ्याकडे त्याने नुसतं बघितलं.
चौथा बसला.

तिसऱ्या नळकांड्याला काटा चढला आणि चढलेलाच राहिला.
पहिला ग्लास सगळा फेस, तो नदीला.
दुसरा पास्कूला.
त्याने प्यायच्या आधी उजेडात धरला,
डिझेल तपासतात तसा.
"कितें घातलां?"
कोरगुट, मी म्हटलं.
"आमच्या शेतातलो?"
नाही रे, बाजारातला.
"म्हूण," तो म्हणाला, आणि ग्लास पुढे केला, भर म्हणून.

समोरून शेवटची फेरी येत होती.
इंजिनाशी दुसराच कोणी पोरगा.
पास्कूने मान वर केली,
तिचा आवाज गळ्याशी धरून ऐकला असावा,
म्हणाला, "गरम करता." मग काहीच म्हणाला नाही.

केग चौथ्या नळकांड्यावर संपला.
खाली पडलेली चारही त्याने वेचली,
शर्टाला पुसली, हातात तोलली.
फेकजाळ्याला शिशाची गोळी आता महाग मिळते,
आणि उद्यापासून त्याला सकाळ आहे.

पाचवं मी परत आणलं.
उन्हात ठेवू नये म्हणतात,
म्हणून ते फ्रिजवर आहे, घड्याळाच्या मागे.
बायको दोनदा विचारून झाली, हे काय आहे म्हणून.