बाह्य कारण

चाकाच्या कडेला पहिला फोड दिसला
तेव्हा वाटलं, चिखल वाळलाय.
नखाने खरवडला तर लॅकरचा पापुद्राच निघाला,
खाली पांढरी पूड,
विसरलेल्या बॅटरीतल्या सेलला फुटते तशी.
तेहतीस वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत तपासनीस होतो,
ॲल्युमिनियम कसं मरतं हे मला कुणी सांगायला नको.
लोखंड बोंबलून गंजतं, लाल होतं, फरशीवर डाग पाडतं.
हे मात्र वरची चमक तशीच ठेवून
आतल्या आत चालत राहतं,
गांडुळाच्या रेघेसारखं.

पावसाळा सरेस्तोवर टायर रिमला घट्ट बसेना.
दर चौथ्या दिवशी पंपावर हवा.
तिथला पोरगा पाईप हातात घेऊनच हसायचा,
"काका, आज पण?"

सर्व्हिस सेंटरला एसी होता, कॉफी होती,
आणि ऋत्विज ढमढेरे, वय फार तर सव्वीस,
टॅबवर माझ्या चाकाचे फोटो दोन बोटांनी मोठे करत.
"सर, वॉरंटी पाच वर्षं, बरोबर. पण ती कास्टिंगला.
फिनिशला दोनच."
"हे फिनिशचं आहे असं कोण म्हणतं?"
"सर, कंपनी म्हणते."
मग अगदी नम्रपणे,
"गाडी धुता कशाने?"

आमच्या धायरीच्या सोसायटीत गाड्या लिंबाजी धुतो,
पहाटे पाचला, टँकरच्या पाण्याने,
ज्या पाण्याने नळाच्या तोट्याही म्हाताऱ्या होतात.
दिवाळीआधी मीच त्याला म्हटलं होतं,
चाकं काळी दिसतात रे, जरा चकाचक कर.
त्याने केली.
बादलीपाशी संडास धुवायची निळी बाटली
मी या डोळ्यांनी पाहिली.
पाहिली, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"शाम्पूने," मी ऋत्विजला म्हणालो.

सतरा दिवसांनी उत्तर आलं:
बाह्य रासायनिक संपर्क. दावा अमान्य.
सुनंदा म्हणाली, ग्राहक मंचात जा,
हॉटेलात बिलातले दोन रुपये सोडत नाहीस, इथे गप्प?
गप्पच बसलो.
ही भाषा मला पाठ होती.
शहाण्णव साली माझ्याच हिरव्या पेनाने
तडे गेलेल्या एका लॉटवर शेरा मारला होता:
हाताळणीतील दोष.
गेणू टाकळकर, तिसरी पाळी.
त्याने ट्रॉली आपटली असणार, असं आम्ही चहा पिता पिता ठरवलं.
त्याला गेटबाहेर काढला.
जूनमध्ये डाय उघडली, तर आतली पिनच वाकडी.
शेरा बदलायला वेगळा फॉर्म लागायचा.
तो स्टोअरमध्ये संपला होता.

नाना पेठेत मुनाफभाईंनी चाक उघडं केलं.
रंग उतरला, धातू राखेसारखा समोर आला,
आणि मी सवयीने चष्मा कपाळावर सारून वाकलो.
रिमच्या आतल्या कडेला, जिथे कुणाची बादली पोचत नाही,
टाचणीच्या टोकाएवढी भोकं. सात. नाही, आठ.
ओततानाच अडकलेली हवा.
मोबाईल काढला, फोटो घेतला, दावा परत उघडता येईल.
मग चाक फिरवलं.
बाहेरच्या बाजूला ॲसिडची झळ,
फडकं फिरल्याच्या दिशेने, स्वच्छ वाचता येईल अशी.
"कशाने झालं म्हणायचं, भाई?"
"दोन्हीनं," ते म्हणाले.
"रंग कुठला मारू ते सांगा, माझा कंप्रेसर चालू आहे."

फोटो अजून मोबाईलमध्ये आहे.

लिंबाजीला शाम्पूचा पाच लिटरचा कॅन आणून दिला.
त्याने कॅन दोन्ही हातांनी घेतला, खाली ठेवला.
"साहेब, माझं काय चुकलं का?"
"नाही," मी म्हणालो.
मग, "थोडं."
मग, "ती बाटली मी पाहिली होती रे."
लिफ्ट आली, उघडली, मिटली,
आणि कुणालाच न घेता वर गेली.