उतरून

पाटी मीच रंगवली.
पत्रा पंचायतीचा, रंग माझा,
अक्षरामागे पाच रुपये, काना-मात्रा फुकट.
'साकवावर सायकलवरून उतरून जावे.'
शेवटी जागा पुरली नाही,
म्हणून 'जावे' जरा अंग चोरून बसलंय,
भरल्या होडीत शेवटी आलेल्यासारखं.

कारण होतं. नाही म्हणत नाही.
शिगवणांचा प्रीतेश मे महिन्यात
दोन्ही हात सोडून आला साकवावरून,
आणि चंपूबाई दोरकुळकरणीची पाटी
कठड्यावरून थेट खाडीत.
भरती लागली होती.
मेलेले बांगडे जिवंत असल्यासारखे
आत आत पोहत गेले.
तिचं उजवं मनगट अजून नीट वळत नाही.
एक पाटी गेली, म्हणून ही दुसरी लागली.

पण लतीफ परकार पहाटे
पावाची पेटी मागे बांधून येतो.
डावा पाय लहानपणीच वाळलेला,
शेवग्याच्या शेंगेसारखा.
जमिनीवर दोन पावलं टाकायची तर
त्याचं सगळं अंग विचारत जातं,
पुढे धरायला काय आहे?
सायकलवर मात्र उजव्या पायावर असा जातो
की डाव्याची आठवण कुणाला येऊ नये.

पाटी लागली त्या दिवशी थांबला. वाचली.
मला म्हणाला, 'अक्षर झकास.
पण बघ, वर बसलो की मी एका माणसाएवढा.
उतरलो की दोन. एक मी, एक ही.
साकव तेवढाच.'
आणि उतरला.
हँडल छातीशी धरून,
फळीफळीला घंटी आपोआप वाजत.
पलीकडे पोचेपर्यंत
टपरीवरचा माझा चहा निवला.

तीन वर्षं झाली.
खारं वारं लोखंड खातं तसं अक्षरंही खातं,
पण आपल्या आवडीने.
आधी 'उ' गेला.
आता पाटी म्हणते,
साकवावर सायकलवरून
तरून जावे.

साकव नव्हता तेव्हा इथे तर होती,
माझा आजा हाकायचा.
सायकलचा आणा वेगळा घ्यायचा,
पण मधोमध पाण्यात
उतर असं तो कुणाला म्हणाला नाही.

लतीफ हल्ली बसूनच जातो.
समोर कुणी दिसलं की लांबूनच
कठड्याला पाय टेकून उभा.
चंपूबाई पुढे झाली की मग.
जाता जाता ती दोन पाव घेते,
डाव्या हाताने.

काल सरपंचबाईंचा निरोप आला,
'उ' भरून द्या, बिल लावा.
पाच रुपये.
डबा उघडलाय. रंगावर साय धरलीये.
ब्रश रॉकेलात भिजतोय सकाळपासून.
वारं अजून ओलं आहे,
ओल्या वाऱ्यात रंग धरत नाही,
असं मी कळवलंय.