पंचाहत्तरच्या पुढचे आकडे

बावीस वर्षं झाली, दर गुरुवारी
चर्चच्या हॉलमध्ये मी बिंगोचे आकडे पुकारतो.
चेंडू पिंजऱ्यात घुमतात, एक हाती येतो,
जो येतो तोच सांगायचा.
एवढंच काम. पण न्यूफाउंडलंडच्या या खाडीत
माझ्या शब्दाइतकं खात्रीचं दुसरं काही नाही,
हवामानखातं तर नाहीच नाही.

आज चहाच्या किटलीशेजारी
नर्स डल्सी टेबल मांडून बसली आहे:
रक्तदाबाचा पट्टा, वजनकाटा,
लाल कागदाची दोन हृदयं, एक जरा फाटकं,
आणि हाताने लिहिलेली पाटी,
'बायांनो, काळजासाठी पाच मिनिटं द्या.'
कुणी देत नाही.
खेकड्यांच्या कारखान्यात दहा तास उभं राहून आलेल्या बायका
आपापली कार्डं पसरतात, म्हणतात,
"नवऱ्याला पाठवते हो, त्याचं वाढलंय."

मधल्या सुट्टीत डल्सी बोलायला उठली.
म्हणाली, सिनेमातला माणूस छाती धरून कोसळतो,
तुमचं तसंच होईल असं नाही.
छातीत दुखेल, किंवा नुसतीच जड होईल,
किंवा पाठ, जबडा, मळमळ,
तिसऱ्या पायरीवर दम,
आणि झोपूनही न जाणारा थकवा.
मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे रोजचा मंगळवार."
हॉल हसला. मीही हसलो.
मग 'जबडा' हा शब्द मला उशिरा ऐकू आला.

लोरेटाची दाढ दुखत होती.
दोन दिवस लवंग धरून तिने ते अंगावर काढलं,
तिसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून
नव्वद किलोमीटरवर नेलं, दातांच्या डॉक्टरकडे.
दातांच्या.
वाटेत इस्पितळ होतं. त्याच्या समोरच आम्ही पेट्रोल भरलं.
ती म्हणाली, मासा फ्रीजरमधून काढायचा राहिला.

मी माईक उचलला. भाषण मला येत नाही.
एवढंच म्हणालो,
"लोरेटाच्या दाढेला काही झालं नव्हतं."

बराच वेळ कुणी चमचासुद्धा हलवला नाही.
मग एक खुर्ची सरकली. मग दुसरी.
डावा हात डल्सीकडे, उजव्यात शाईचा ठोकळा,
कार्ड गुडघ्यावर; खेळ थांबवायचा नाही, अशी अट.
मी आकडे पुकारत होतो, डल्सीही पुकारत होती,
ती हळू आवाजात: एकशे अठरा. एकशे बत्तीस.
बिंगोत पंचाहत्तरच्या पुढे आकडा नसतो.

ब्राइड किहो बसली तेव्हा डल्सी काहीच बोलली नाही.
पट्टा सोडला, पुन्हा बांधला.
बंदरात अजून बर्फ, आणि ब्राइडच्या कपाळावर घाम.
हात सकाळपासूनच भरून आलाय म्हणे,
खेकडे फोडून फोडून.
डल्सीने अॅम्ब्युलन्सला फोन लावला.
अॅम्ब्युलन्स दारात आली तरी ब्राइड उठेना.
साडेचारशे डॉलर, आणि एकच घर उरलेलं.
"एक नऊ दे लिओ,
मग न्यायचं तिथे नेऊ देत."

मी पिंजरा फिरवला.
हातात आला ओ-एकाहत्तर.
बघितला. मूठ मिटली.
"बी," म्हणालो, "नऊ."

कार्ड तपासायला व्हेरा आली.
चेंडू दाखव, असं ती दर वेळी म्हणते.
या वेळी माझ्या मुठीकडे बघत राहिली,
मग स्वतःचं कार्ड घडी करून पर्समध्ये टाकलं.
तिचंही एकच घर उरलं होतं,
ओच्या रांगेत, सगळ्यात खालचं.

ब्राइड स्ट्रेचरवरून नोटा मोजत गेली.
सेंट जॉन्सला तिच्या नळीत फुगा घातला, जाळी बसवली;
जेवण अळणी आहे, अशी तिची तक्रार आली.
तो चेंडू माझ्या कोटाच्या खिशात आहे.
पिंजऱ्यात चौऱ्याहत्तरच फिरतात, कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी, कार्ड घ्यायच्या आधी,
व्हेरा डल्सीसमोर बसली, बाही वर केली,
आणि माझ्याकडे बघत म्हणाली,
"इथे तरी खरा आकडा सांग गं."