तंगूस

बस्त्याव मेस्त्री म्हणाला, चतुर्थीनंतर बघू.
चतुर्थी कुठे, मे कुठे.
शेवटी मीच ओढून घेतली होडी माडाखाली,
चार शेजारी, दोन ओंडके
आणि कळशीभर कोकम सरबत एवढ्या मजुरीवर.

देवबागेत एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मधल्या वाळूत 'सातेरी प्रसन्न' पालथी.
सीझनभर लोकांना डॉल्फिन दाखवत फिरली,
पोटाखाली मात्र शिंपल्यांची वाडी वसलेली.
लाकडी कालथ्याने खरवडलं.
लोखंडी नको, हे गेल्या वर्षीचे चरे सांगतात,
कुणी शिकवलेलं नाही.

मग नाण्याने टकटक,
वीतभर अंतराने, नारळ वाजवून घ्यावा तशी.
टण. टण. टण.
आणि डाव्या कुशीला, कण्यापासून हातभर,
थप.
तिथे पाणी शिरलंय.
सासरे असते तर कापूस नि चंद्रूस ठासून मोकळे झाले असते.
फायबरला ते चालत नाही.
उघडायचं, गोड्या पाण्याने धुवायचं,
आठवडाभर उन्हाची मर्जी बघायची.
ओल्यावर रेझिन फासलं की वरून गुळगुळीत, आतून सुटलेलं.
फायबरचंच सांगतेय.

इंजिन पिंपात उभं केलं.
दहा मिनिटं गोडं पाणी प्यायलं,
मागून बारीक धार, हाताला कोमट.
म्हणजे इंपेलर शाबूत.
जस्ताची वडी सुपारीएवढी उरलेली.
तिचं कामच ते,
समुद्राने तिला खावं, बाकीच्यांना सोडावं.
नवी लावली. जुनी टाकवेना,
खिडकीत ठेवली.

मग गिअरचं तेल सोडलं.
बशीत उतरला
दूध जास्त झालेला चहा.

नेमका तेव्हाच उल्हासचा फोन, जहाजावरून.
"सील गेलो असतलो.
पण माझ्या हातसून पंख्याक तंगूस
कधी गुंडाळाक नाय हां."
मी विचारलंही नव्हतं.

पंखा उतरवला.
शाफ्टच्या गळ्याशी करकचून वेढे,
पोपटी.
अख्ख्या देवबागेत हा रंग एकच माणूस वापरतो,
दिवाळीत चार फेऱ्या मारून गेलाय.

चिमट्याने सोडवत बसले, एकेक वेढा.
माडाची सावली माझ्यावरून पुढे सरकली,
मी तिथेच.
सील केसाएवढा कापलेला.
नवा बस्त्यावकडूनच आणला;
त्याने विचारलं, बसवणार कोण?
ग्रीस लावून, ओठ पाण्याकडे करून,
पाइपाच्या तुकड्याने हळू ठोकत बसवला.
तेल खालून भरलं,
वरच्या भोकातून मधासारखं डोकावेपर्यंत.

रात्री पुन्हा फोन. "काय गावला?"
"सील जुनो झाललो," म्हटलं.

खिडकीत वडीशेजारी
पोपटी भेंडोळं ठेवलंय.
त्याची चहा प्यायची जागा तीच.